साखर ताणणाऱ्या बाया

चिक्कीचा पाक परातीत ओतला आणि त्यात तीळ घालायचे राहून गेले, असं तुमच्या घरी कधी झालंय का? आमच्याकडं एकदा झालं होतं. पाक थंड होत गेला आणि त्याची काच झाली. पिवळसर, आरपार दिसणारी, खलबत्त्यानं फोडावी लागेल अशी. आता दुसरी शक्यता बघा. तोच पाक थोडा आधी, मऊ असतानाच तूप लावलेल्या हातांनी उचलला, लांब ताणला, दुमडला, पुन्हा ताणला. दहा-बारा मिनिटं हेच करत राहिलात तर पिवळी काच पांढरी होते. रेशमाच्या लडीसारखी चकाकते, हलकी होते आणि दाताखाली दबते. वरून काहीच घातलेलं नसतं, आत गेलेली असते ती हवा. प्रत्येक दुमडीला थर दुप्पट होतात. दहा दुमड्यांत १,०२४, वीस दुमड्यांत दहा लाखांच्या वर. या थरांमध्ये अडकलेले बारीक बुडबुडे उजेड परतवतात म्हणून साखर पांढरी दिसते, आणि तेच बुडबुडे तिला चघळण्याजोगी करतात.

रेवडी अशीच होते. बाहेरच्या देशांत ज्याला टॉफी किंवा टॅफी म्हणतात त्यातली ताणलेली जात अशीच होते. जत्रेत बांबूला गुंडाळलेली गुलाबी-पिवळी मिठाई ताणून मनगटावर घड्याळ करून देणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर त्याचीही हीच विद्या.

माझा प्रबंध वऱ्हाडातल्या घरगुती गोडाधोडाच्या इतिहासावर आहे. विषय सांगितला की लोक हसतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "खाऊन बघायला मिळतं का?" मिळतं. पण आज सांगायचंय ते एका पदार्थाबद्दल, ज्याच्यामुळं माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. आमच्या घरात त्याला 'नरम रेवडी' म्हणायचे. संत्र्याच्या रसाची, गुळाची, हातानं ताणलेली. ती करायची माझ्या आजीची नणंद, म्हणजे माझी आत्याआजी. घर अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तिच्याकडं जाण्याआधी थोडं लांब जाऊन येऊ या.

साखरेच्या इतिहासात एक शब्द मला फार आवडतो: फाणित. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाची यादी आहे, तिथं गोड पदार्थांचा एक वर्ग येतो. फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा. उसाचा रस आटवत जाण्याच्या या पायऱ्याच आहेत म्हणा ना. फाणित म्हणजे अर्धवट आटलेला, दाट, वाहता रस. आपल्या काकवीच्या जवळचा. शेवटच्या दोन शब्दांचं पुढं काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं: खंडवरून फारसी-अरबी वाटेनं 'कॅंडी' आणि शर्करेवरून 'शुगर'. फाणिताची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. हा शब्द इराणात गेला तो 'पानीद' झाला, अरबीत 'फानीद' झाला, आणि या प्रवासात त्याचा अर्थ बदलला. दाट रसाऐवजी तो ताणून पांढऱ्या केलेल्या साखरेला वापरला जाऊ लागला. मध्ययुगीन युरोपातल्या औषधविक्यांकडं 'पेनिडियम' नावाच्या ताणलेल्या साखरेच्या कांड्या असत, खोकल्यावर आणि घसा बसल्यावर द्यायला. स्पॅनिशमध्ये त्याचं 'अल्फेनिके' झालं, पोर्तुगीजमध्ये 'अल्फेनिम'. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर आजही पांढरी साखर ताणून तिची कबुतरं आणि फुलं करतात आणि त्यांना अल्फेनिमच म्हणतात. मेक्सिकोत मृतांच्या सणाला साखरेच्या कवट्या मांडतात, त्या कलेचं नावही अल्फेनिके.

म्हणजे शब्द आपला, पण आपल्याकडं तो वैद्यकाच्या ग्रंथांत राहिला. ताणलेल्या साखरेला आपण दुसरंच नाव घेतलं, रेवडी. आणि या नावाचं आपण केलं काय? मराठीत एखाद्याची 'रेवडी उडवतात', म्हणजे चारचौघांत फजिती करतात. हिंदीत आंधळा रेवड्या वाटतो आणि आपल्याच माणसांना देतो. २०२२ पासून तर राजकारण्यांच्या भाषणांत 'रेवडी' म्हणजे मतांसाठी वाटलेली फुकटची वस्तू. इतकी मेहनत लागणारा पदार्थ भाषेत इतका स्वस्त कसा झाला, हे मला कोडंच वाटतं. करून बघितल्याशिवाय कुणी ही म्हण वापरू नये असा नियम हवा.

आता वऱ्हाडात येऊ. इथं एक अडचण आहे: वऱ्हाड काही उसाचा मुलूख नाही. काळी जमीन, कोरडवाहू शेती, ज्वारी आणि कापूस. लहानपणी आम्ही ऊस कमी आणि ज्वारीचे गोड धांडेच जास्त चावले. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आपल्याकडं वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. लायलनं संपादन केलेलं वऱ्हाडाचं गॅझेटियर १८७० चं, अकोल्याचं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. यांत कापसावर पानंच्या पानं आहेत. सारा, विहिरी, बाजार, रेल्वे, सगळं आहे. हिशोब ठेवणाऱ्याला ज्यातून महसूल येतो ते दिसतं. संक्रांतीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात परात घेऊन बसलेल्या बाईकडून सरकारला काय मिळणार होतं?

तर गोड बाहेरून आलं. गूळ आला, साखर आली, आणि कापसाच्या पैशाच्या मागोमाग व्यापारी आले. राजस्थानातून मारवाडी आले, उत्तरेकडून हलवाई आले. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, त्यात हलवायांवर वेगळी नोंद आहे. खडीसाखर, बत्तासे, गाठ्या, रेवड्या हे सगळं हलवायाच्या दुकानातलं. भिंतीत जाड खुंटी ठोकलेली, तिच्यावर पाकाचा गोळा टाकायचा, खाली ओढायचा, पुन्हा वर टाकायचा. हे पुरुषाचं, दंडाच्या ताकदीचं काम. तयार रेवडी मग जत्रेला निघायची. चांदूर बाजार तालुक्यातलं बहिरम, पूर्णेच्या काठावरचं ऋणमोचन, दोन्हीकडच्या यात्रा ऐन थंडीतल्या. बहिरमला लोक हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी जातात हे खरं, पण घरी परतताना पिशवीत रेवड्या नि फुटाणे असतातच.

या यात्रा थंडीत असणं रेवडीच्या पथ्यावर पडतं. साखरेला दमट हवा सोसत नाही. ताणलेल्या साखरेला तर मुळीच नाही, कारण तिच्यात लाखो थर आणि तेवढाच हवेशी संबंध. पावसाळ्यात अकोल्यात रेवडी करून ठेवा, दुसऱ्या दिवशी एकच गोळा मिळेल. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ती हातात घट्टच होणार नाही. राहिले कोरड्या थंडीचे दोन महिने. संक्रांत त्यातच येते.

इथपर्यंत माझं प्रकरण छान चाललं होतं. मांडणी अशी होती: ताणलेली साखर ही हलवायाची, बाजारातली, पुरुषांची कला, आणि घरातल्या बायकांची कला म्हणजे तिळगूळ, वड्या आणि काटेरी हलवा. हलवा तुम्हाला माहीत आहे. मंद शेगडीवर परात, त्यात तीळ किंवा खसखस, वरून चमचा चमचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. दोन-दोन दिवस. मग त्याचे दागिने, नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि लेकराला बोरन्हाणाला. बाजार एकीकडं, घर दुसरीकडं. वाचायला सुटसुटीत, मार्गदर्शकांनाही आवडलेलं.

आणि मग २०१८ च्या जानेवारीत मी आत्याआजीकडं टेपरेकॉर्डर म्हणून फोन समोर ठेवून बसले. हलव्याबद्दल विचारायला गेले होते. ती म्हणाली, "हलवा वहिनी करे. मी रेवडी वढो." मी विचारलं, रेवडी तर बाजारातून यायची ना? तर माझ्याकडं बघून म्हणाली, "काहून वं? आमाले काय हात नव्हते?"

ती ऐंशीच्या पुढची. लग्न होऊन सासरी बुलढाण्याकडं गेलेली, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. वऱ्हाडात पुष्कळ समाजांत बाईचा पाट लागायचा, दुसरा संसार व्हायचा. आमच्या घरात लागत नसे. तेव्हा पुढची साठ-पासष्ट वर्षं ती याच घरात होती, मागच्या खोलीत. रेवडी शिकली ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हलवायाला बघून. शिकायला म्हणून कुणी पाठवलं नव्हतं. दळण आणायला जाताना भिंतीआडून बघायची, रोज थोडं. "तो खुंटीवर वढे. मी खिडकीच्या गजाले वढलं."

तिनं सांगितलेली पद्धत मी जशीच्या तशी उतरवून घेतली. गूळ चिकीचा, म्हणजे नरम, ताणता येणारा. त्यात थोडी साखर. संत्र्याचा रस वेगळा आटवून ठेवायचा. पाक झाला की नाही हे पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचं. हलवाई कडक गोळी होईस्तोवर थांबतो, थेंब वाटीच्या तळाला लागून टणकन वाजला पाहिजे. ही आधीच उतरवायची, गोळी बोटांत दबली की. "वाजली तं गेली," ती म्हणाली. मग तूप लावलेल्या परातीत ओतायचं, कडा थंड होतील तशा आत दुमडायच्या, आटवलेला रस आणि किसलेली साल तेव्हा घालायची आणि ओढायला घ्यायचं. "हाताले तूप लाव, नाही तं कातडं निंघन." तिच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या खाली गुळगुळीत, चकाकणारा डाग होता. लहानपणापासून मी तो बघत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं.

पदार्थ म्हणून बघा, यातली प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथं आहे. साधी साखर पाकात असते तोवर ठीक, पण संधी मिळाली की पुन्हा खडे धरते. ताणायला लागलं की तर हमखास, सगळं रेताड होऊन जातं. ते टाळायला साखरेचा काही भाग मोडावा लागतो, म्हणजे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. आंबट घातलं की ते होतं. कारखाने यासाठी लिक्विड ग्लुकोज वापरतात. आत्याआजीच्या गुळात ही मोडलेली साखर मुळातच होती, थोडी भर रसातल्या आंबटानं घातली. बाजारची रेवडी कुरकुरीत आणि हिची चिवट, यामागं फक्त काही अंशांचा फरक. शंभर अंशांच्या वर पाक जितका चढेल तितकं पाणी कमी राहतं. एकशे पंचवीसच्या आसपास उतरवला तर चघळता येतो, एकशे पंचेचाळीसच्या वर गेला तर कडकडतो. थर्मामीटर नव्हता. वाटी होती, पाणी होतं, बोट होतं.

आणि संत्रं? त्याला तर एक स्वतंत्र पोस्ट हवी. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शी म्हणजे संत्र्यांचं आगर, लोक त्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संत्र्याचे दोन बहार. आंबिया दिवाळीच्या मागंपुढं तुटतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधे संक्रांत. आत्याआजीचा एक भाचा परतवाड्याकडं होता, तो आंबियातली उरलेली, बारीक, सालीवर डाग पडलेली फळं पोत्यात घालून आणायचा. चांगलं फळ पेट्यांत भरून रेल्वेनं मुंबईला आणि कलकत्त्याला जायचं. व्यापारी जी नाकारेल ती घरात. तिनं रस आटवला तो आवडीपायी नाही, पोतंभर फळं सडून जाऊ नयेत म्हणून. गंमत अशी की बारीक फळांचं काय करायचं हा वरूडच्या बागायतदाराचा प्रश्न आजही तसाच आहे.

त्याच रेल्वेनं उलट्या दिशेनं काय आलं, तेही सांगते. १९२९ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला एक कारखाना निघाला, पार्ले. आपण त्याला बिस्किटांवरून ओळखतो, पण बिस्किटं १९३९ नंतरची. सुरुवात गोळ्यांपासून झाली, आणि त्यांत संत्र्याची गोळी होती. १९३२ मध्ये सरकारनं देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला, त्याआधी आपण जावाची साखर खात होतो. कायद्यानंतर कारखाने भराभर उभे राहिले. मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांचं रावळगाव १९३३ चं, आणि तिथं १९४२ मध्ये गोळ्या निघायला लागल्या. लिमलेटच्या, संत्र्याच्या, पुढं आंब्याच्या. म्हणजे संत्री वऱ्हाडातून मुंबईला जाणार आणि संत्र्याची गोळी मुंबईहून वऱ्हाडात येणार. त्या गोळीत संत्रं किती होतं? फोडीचा आकार, केशरी रंग आणि वास. माझ्या पिढीला संत्र्याची चव म्हणजे त्या गोळीची चव वाटते, आणि खरं संत्रं खाल्लं की ते 'फिकं' लागतं. संत्र्याच्या जिल्ह्यात वाढून हे कबूल करायला लाज वाटते. (रावळगावच्या गोळ्यांची नावं २०२४ मध्ये रिलायन्सनं विकत घेतली. पान पसंद ज्यांनी चघळली त्यांनी क्षणभर थांबायला हरकत नाही.)

दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली आणि नंतरही कितीतरी वर्षं साखर म्हणजे कार्डावरची साखर. घरातल्या गोडावर याचा परिणाम झाला तो असा: साखर मोजूनमापून, ती चहाला आणि पाहुण्याला. हलव्याला पांढरी साखर हवीच, म्हणून त्या वर्षांत आमच्याकडं हलवा कमी झाला आणि गुळाची रेवडी वाढली. आत्याआजीच्या आठवणीत रेवडीचे चांगले दिवस म्हणजे टंचाईचे दिवस. "साखर नसे तवा माही आठवण ये," ती म्हणाली आणि हसली. मी ती ध्वनिफीत अनेकदा ऐकली आहे. हसू पूर्ण येत नाही, मधेच थांबतं.

कारण मग मी एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही एवढी रेवडी करायच्या, मग वाणाला तीच लुटायच्या का? हळदीकुंकवाला बायका यायच्या त्यांना?

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्या केली. वाटली वहिनीनं."

तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या मात्र तिथं बसल्या बसल्या आलं नव्हतं. विधवेनं हळदीकुंकवाला पुढं यायचं नाही. तिच्या हातचं सोवळ्यातलं म्हणून चालायचं, कौतुकानं खाल्लंही जायचं, पण तिच्या हातून घ्यायचं नाही. तेव्हा संध्याकाळी बैठकीत बायका, मधे ताट, ताटात केशरी-पांढऱ्या नरम रेवड्या, आणि जिनं त्या ओढल्या ती दाराच्या आत, फडक्यानं खिडकीचे गज पुसत. आलेल्या बायका माझ्या पणजीला विचारायच्या, कशी हो केली? आणि पणजी सांगायची. पद्धत खरीच सांगायची, फक्त हात कुणाचे ते सांगायची नाही. पुढं आमच्या गल्लीत ही रेवडी पणजीच्या नावानंच ओळखली गेली. मी प्रबंधात ती पहिल्यांदा लिहिली तेव्हा मीसुद्धा पणजीच्याच नावानं लिहिली होती.

इथं माझी 'बाजार एकीकडं, घर दुसरीकडं' ही मांडणी कोलमडली. ताणलेली साखर घरात होती. ती घरात कुणाला दिसत नव्हती, कारण ती घरातल्या अशा माणसाच्या हातात होती जिला सणात जागा नव्हती. आणि ती बाजारातूनच शिकलेली होती, भिंतीआडून. आपण ज्याला 'पारंपरिक घरगुती' म्हणतो त्यातलं किती असं बाहेरून डोकावून शिकलेलं असेल, आणि किती कुणाच्या तरी नावावर चढलेलं असेल?

जगात दुसरीकडं बघितलं तर ही मिठाई ओढण्याचं काम एकट्यानं करायचं नसतंच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात टॅफी ओढायला शेजारपाजारचे तरुण-तरुणी जमायचे. दोघांनी दोन टोकं धरायची, लग्न जुळायला ते निमित्त पुरायचं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २५ नोव्हेंबरला संत कॅथरीनच्या सणाला हीच ताणलेली मिठाई करतात, आणि तो दिवस खास लग्न न झालेल्या बायकांचा. पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित बाईला तिथं संत कॅथरीनच्या नावानंच हाक मारत. चेष्टा त्यात होतीच, पण सणात तिची जागा मधोमध होती, मिठाई तिची होती आणि वाटायचीही तिनंच. मी हे वाचलं त्या दिवशी ग्रंथालयातून लवकर घरी आले.

करून बघायची असेल तर माझं आजचं माप देते. चार मोठ्या संत्र्यांचा रस गाळून मंद आचेवर पाव वाटी राहीपर्यंत आटवा. एका संत्र्याची साल किसून ठेवा, फक्त केशरी भाग, पांढरा आला तर कडू होतं. चिकीचा गूळ दोन वाट्या, साखर अर्धी वाटी, पाणी पाऊण वाटी, जाड बुडाच्या पातेल्यात. गूळ विरघळला की गाळून घ्या, पुन्हा आचेवर ठेवा आणि उकळी आल्यावर ढवळू नका. पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट पण दबणारी गोळी झाली की एक चमचा तूप आणि चिमूट मीठ घालून लगेच परातीत ओता. कडा आत दुमडत रस आणि साल मुरवा. रस एकदम ओतलात तर पाक पातळ होईल, दोन-तीनदा थोडा थोडा घाला. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच ओढायला घ्या. रंग गडद तपकिरीचा फिकट सोनेरी झाला आणि ओढताना बारीक रेघा दिसल्या की झालं. दोरी वळून तूप लावलेल्या कात्रीनं कापा आणि एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळा. उघडे ठेवलेत तर सकाळी गोळा होईल, मागाहून सांगू नका. लहान मुलांना पाक ओढू देऊ नका. तो पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो.

माझ्या पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. पहिली वाजली. दुसरी वाळूसारखी झाली, कारण मला ढवळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. तिसऱ्या वेळी आत्याआजी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि मी ओढत असताना म्हणाली, "एकटीनं नोको वढू. टोक दे मले." ऐंशी पार केलेल्या बाईला मी गरम पाकाचं टोक दिलं. दिसायला तिचे हात थरथरायचे, पण पाक धरल्यावर नाही. साठ वर्षांत आपण पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासोबत रेवडी ओढतोय, हे तिनं नंतर सांगितलं, अगदी सहज. तीही खेप फसलीच. आम्ही बोलत बसलो आणि पाक थंड झाला.

ती २०१९ च्या पावसाळ्यात गेली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारनंही इतर गावांनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या एका घरी हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं होतं, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. मी डबाभर नरम रेवडी घेऊन गेले. तिथल्या एका काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि लगेच माझ्या पणजीचं नाव घेतलं. मी त्यांना म्हटलं, नाही काकू, ही तिच्या लेकीची. त्या जरा गोंधळल्या. "ते कोन वं?" त्यांनी विचारलं. मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली.